पत्त्यांवर उरलेली सही

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

उद्या काय घडणार ते आजच कळावे, ही माणसाची फार जुनी हौस आहे. आपल्या भागात मोठ्या कामाला हात घालण्यापूर्वी देवाला कौल लावतात, लग्न ठरविताना पत्रिका दाखवतात, आणि काहीच सुचेनासे झाले म्हणजे कोणी जाणता शोधतात. कुडमुडे जोशी, पिंगळा, नंदीबैलवाला ही मंडळी आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात अजून आहेत. बाजाराच्या दिवशी झाडाखाली पिंजरा घेऊन बसणारा पोपटवाला हाही त्यांतलाच. कानडीत याला गिळीशास्त्र म्हणतात. पोपट पिंजऱ्याबाहेर येई, चोचीने एक पाकीट ओढून काढी, आणि पाकिटातल्या चित्रावरून समोरच्याचे भविष्य सांगितले जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा झाला. आमचे कुळगी जंगलातले गाव, वनखात्याचे निसर्ग शिबिर गावातच. त्यामुळे हा कायदा आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतो.

पोपट गेला, पण चित्रावरून भविष्य सांगण्याची रीत गेली नाही. ती आता टॅरो या नावाने शहरांतून, दूरदर्शनच्या वाहिन्यांवरून आणि हातातल्या फोनवरून आपल्यापर्यंत आली आहे. टॅरो म्हणजे अठ्ठ्याहत्तर पानांचा पत्त्यांचा कॅट. प्रश्न मनात धरायचा, पाने पिसायची, दोन-चार पाने मांडायची आणि त्यांवरील चित्रांचा अर्थ लावायचा. जगात या पत्त्यांचे शेकडो प्रकार निघाले आहेत. तथापि नवशिक्याच्या हाती बहुधा एकच संच येतो, किंवा त्यावरून बेतलेला एखादा येतो. त्याचे रूढ नाव रायडर-वेट. रायडर हे लंडनच्या प्रकाशकाचे नाव, वेट हे ज्याने पत्त्यांची कल्पना मांडली त्या लेखकाचे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला कोणत्याही वस्तूविषयी पहिला प्रश्न पडतो तो असा, की ही केली कोणी आणि पैसे मिळाले कोणाला. या पत्त्यांवरची चित्रे ज्या हाताने काढली त्या हाताचे नाव या जोडनावात नाही. ते नाव पामेला कोलमन स्मिथ. तिचे चरित्र विद्यार्थ्यांनी वाचावे असे आहे. भविष्य सांगण्याच्या विद्येसाठी नव्हे, तर श्रम, मोबदला आणि नाव या तीन गोष्टींचा हिशेब समजावा म्हणून.

पामेलाचा जन्म १६ फेब्रुवारी १८७८ रोजी लंडनमध्ये झाला. आईवडील दोघेही अमेरिकन. वडील चार्ल्स एडवर्ड स्मिथ हे न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनचे व्यापारी होते, आणि आई कोरिन हिच्या माहेरी चित्रांचे व पुस्तकांचे वातावरण होते. तिची पहिली दहा वर्षे इंग्लंडमध्ये, बरीचशी मँचेस्टर या कापडाच्या शहरालगत गेली. पुढे वडिलांनी वेस्ट इंडिया इम्प्रूव्हमेंट नावाच्या कंपनीत नोकरी धरली. ही कंपनी जमैका बेटावर रेल्वेमार्ग वाढविण्याचे काम करीत होती. १८८९ साली हे कुटुंब जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे गेले. अकरा वर्षांच्या मुलीला एकदम वेगळे जग दिसले. वेगळे झाड, वेगळे ऊन, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेगळी बोली.

जमैकातील लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले होते. त्यांनी येताना दुसरे काही आणले नाही, पण गोष्टी आणल्या. त्यांत अनान्सी नावाच्या कोळ्याच्या गोष्टी मुख्य. हा कोळी अंगाने क्षुद्र, परंतु अकलेने वाघालाही फसविणारा. आपल्याकडच्या कोल्ह्याच्या आणि सशाच्या गोष्टींचा तो जवळचा नातेवाईक म्हणावा लागेल. पामेलाने या गोष्टी तिथल्या माणसांच्या तोंडून ऐकल्या आणि त्या बोलीसकट मनात साठविल्या. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी अशा स्थितीत वाढलेल्या आपल्या जोयडा-दांडेलीच्या मुलांना यात नवल वाटणार नाही. दोन भाषांच्या सीमेवर वाढलेल्या मुलाला एक गोष्ट लवकर कळते, ती ही की शब्द बदलले तरी चित्र तेच राहते.

१८९३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिने ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूट या कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथे आर्थर वेस्ली डाऊ हे नामांकित शिक्षक तिला लाभले. जपानी चित्रकलेतील ठसठशीत रेषा व सपाट रंग यांचा अभ्यास ते विद्यार्थ्यांकडून करून घेत. पामेलाच्या पुढच्या सर्व कामात ही रेषा दिसते. मात्र शिक्षण सुखाचे झाले नाही. प्रकृती वारंवार बिघडे. १८९६ मध्ये आई वारली. १८९७ मध्ये पदविका न घेताच तिने शाळा सोडली आणि पुस्तकांसाठी चित्रे काढून पोट भरण्याचा मार्ग धरला. १८९९ मध्ये तिने स्वतः सांगितलेल्या आणि स्वतः चित्रे काढलेल्या जमैकन गोष्टींचे पुस्तक निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस वडीलही गेले. एकविसाव्या वर्षी मुलगी पोरकी झाली.

अशा वेळी तिला आधार मिळाला तो नाटक मंडळीचा. लंडनच्या लायसियम थिएटरची मंडळी अमेरिकेच्या दौऱ्यावर होती. तिचे चालक सर हेन्री आयर्व्हिंग, मुख्य नटी एलन टेरी, आणि व्यवस्थापक ब्रॅम स्टोकर, म्हणजे ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचा लेखक. एलन टेरीने या मुलीला मायेने जवळ केले आणि तिचे टोपणनाव पाडले पिक्सी, म्हणजे इंग्लंडच्या लोककथांतली खोडकर परी. १९०० साली या मंडळींबरोबर पामेला इंग्लंडला परतली. पुठ्ठ्याची माणसे कापून छोटी रंगभूमी उभारणे हा तिचा पूर्वीपासूनचा छंद होता. आता खरी रंगभूमी तिला जवळून पाहता आली. पात्र कोठे उभे राहावे, हात कसा उचलावा, पाठमोऱ्या माणसाच्या नुसत्या उभे राहण्यातून दुःख कसे दिसावे, हे ज्ञान तिला पुस्तकातून नव्हे तर नाटकाच्या विंगेतून मिळाले. पुढे पत्त्यांची चित्रे काढताना हेच ज्ञान कामी आले.

लंडनमध्ये तिने स्वतःचे चित्रघर थाटले. आठवड्यातून एकदा तेथे लेखक, नट, चित्रकार जमत. पामेला जमैकन वेष करून, जमिनीवर बसून, मेणबत्त्यांच्या उजेडात अनान्सीच्या गोष्टी सांगे. कवी विल्यम बटलर येट्स आणि त्यांचे चित्रकार बंधू जॅक येट्स यांच्याशी तिचा परिचय झाला. १९०३ साली तिने स्वतःचे मासिक काढले. नाव ‘ग्रीन शीफ’, म्हणजे हिरवी पेंढी. चित्रे हाताने रंगविलेली, मजकूर निवडक. परंतु कलेच्या वहीत जमेला जे होते ते रोकडवहीत नव्हते. तेरा अंक काढून १९०४ मध्ये मासिक बंद पडले. लागलीच तिने त्याच नावाने एक छोटे मुद्रणालय काढले आणि मुख्यतः स्त्रियांनी लिहिलेली पुस्तके छापली. तेही फार चालले नाही. भांडवल अपुरे, ग्राहक मोजके आणि मालाला लागणारी मेहनत अफाट, अशा धंद्याचे काय होते हे आपण पहिल्या वर्षालाच शिकतो.

याच काळात, १९०१ मध्ये, येट्स यांच्या ओळखीने ती गोल्डन डॉन या मंडळात दाखल झाली. १८८८ मध्ये स्थापन झालेले हे मंडळ गूढविद्येचा अभ्यास करणाऱ्यांचे होते. तेथे तिची गाठ आर्थर एडवर्ड वेट यांच्याशी पडली. वेट यांचा जन्म १८५७ चा. जुन्या गूढ ग्रंथांचा त्यांचा व्यासंग मोठा होता. पण पोटासाठी त्यांनी काही वर्षे नोकरी केली ती हॉर्लिक्स कंपनीच्या लंडन कचेरीत. आजारी माणसाला दुधातून देतात तेच हे हॉर्लिक्स. १९०३ मध्ये मंडळात फूट पडली तेव्हा पामेला वेट यांच्या गटाबरोबर राहिली.

चित्रकार म्हणून तिचे सर्वांत मानाचे दिवस आले ते १९०७ मध्ये. आल्फ्रेड स्टीग्लिट्झ या प्रख्यात छायाचित्रकाराचे न्यूयॉर्कमध्ये एक लहान कलादालन होते. तेथे तोवर फक्त छायाचित्रे मांडली जात. छायाचित्रांखेरीज अन्य कलेचे पहिले प्रदर्शन त्याने तेथे मांडले ते पामेलाच्या चित्रांचे. पुढे याच दालनाने रोदँ, मातीस यांच्यासारख्या युरोपीय कलावंतांची ओळख अमेरिकेला करून दिली; त्या यादीच्या आरंभी ही मुलगी आहे. तिची एक विशेष शक्ती अशी होती की संगीत ऐकताना तिच्या डोळ्यांपुढे आकृती उभ्या राहत आणि वाद्य वाजत असतानाच ती त्या कागदावर उतरवी. बीथोव्हेन, बाख, देब्युसी यांच्या रचना ऐकून तिने अशी कितीतरी चित्रे काढली. १९०८ व १९०९ मध्येही त्या दालनात तिची प्रदर्शने झाली. कीर्ती झाली, पैसा मात्र टिकण्याइतका आला नाही.

१९०९ मध्ये वेट यांनी तिच्यापुढे एक काम ठेवले. टॅरोचा नवा संच काढायचा होता. येथे या पत्त्यांचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. टॅरो हा मुळात भविष्य सांगण्यासाठी झाला नाही. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो खेळ म्हणून निघाला. आपल्या नेहमीच्या कॅटाप्रमाणे त्यात चार रंग असतात: दंड, पेले, तलवारी आणि नाणी. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने आणि हुजऱ्या, स्वार, राणी, राजा ही चार, अशी चौदा. चारांची मिळून छप्पन्न. शिवाय बावीस पाने निराळी, ती खेळात हुकमाची. एकूण अठ्ठ्याहत्तर. तीन-साडेतीनशे वर्षे लोकांनी त्यांचा डाव मांडला. १७८१ मध्ये कूर द जेबलाँ या फ्रेंच पंडिताने असे प्रतिपादन केले की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या ज्ञानाचा ग्रंथ होय. त्यावेळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती, म्हणून खोडून काढणारेही कोणी नव्हते. १८२२ मध्ये शाँपोल्याँने ती लिपी उलगडली, पण या समजुतीला आधार मिळाला नाही. तोवर पॅरिसमध्ये एटेला या नावाने व्यवसाय करणाऱ्या इसमाने भविष्यासाठी म्हणून खास पत्ते छापून विकायलाही आरंभ केला होता.

या जुन्या पत्त्यांत शिकणाऱ्याची एक मोठी अडचण होती. बावीस हुकमांवर आणि राजा-राणीवर चित्रे असत, पण एक्का ते दश्शी या चाळीस पानांवर बहुधा नुसती खूण मोजून छापलेली असे. तलवारीची तिर्री म्हणजे तीन तलवारी, नाण्याची छक्की म्हणजे सहा नाणी. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे चटकन समजेल. गंजिफाच्या एकशेवीस गोल पानांत दहा अवतारांचे दहा रंग असतात. राजा आणि प्रधान या पानांवर पूर्ण चित्र, बाकीच्या दहांवर त्या अवताराची खूण तितक्या वेळा. खेळायला एवढे पुरते. परंतु त्यावरून भविष्य सांगायचे तर चाळीस अर्थ घोकून पाठ करावे लागतात. रोजकीर्दीचे नियम न समजता पाठ करण्यासारखेच ते.

पामेलाने या चाळीसही पानांवर चित्रे आणली. तलवारीच्या तिर्रीवर पावसाळी ढगांखाली तीन तलवारींनी भेदलेले एक हृदय आहे. दंडाच्या दश्शीवर दहा काठ्यांची मोळी कवटाळून वाकलेला माणूस गावाकडे चालला आहे. रानातून सरपण आणणाऱ्या बाया ज्याने पाहिल्या आहेत त्याला या पानाचा अर्थ सांगावा लागत नाही. नाण्याच्या अठ्ठीवर एक कारागीर मान खाली घालून एकामागून एक नाणे घडवीत बसला आहे. नाण्याच्या छक्कीवर हातात तराजू घेतलेला एक सधन व्यापारी गुडघे टेकलेल्या माणसांना दान देत आहे. नाण्याच्या पंजीवर बर्फातून दोन दरिद्री माणसे देवळाच्या उजळलेल्या खिडकीखालून पुढे चालली आहेत. दंडाच्या राणीपुढे तर काळे मांजर बसले आहे. कित्येक पानांत माणसांच्या मागे एक आडवी सरळ रेष आहे, जणू रंगमंचाची कड. लायसियमच्या विंगेतले शिक्षण ते हेच.

मिलानमधील एका घराण्याकडे पंधराव्या शतकातला सोला बुस्का नावाचा सचित्र संच होता. त्याची छायाचित्रे १९०७ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आली. पामेलाच्या काही पानांचे त्याच्याशी साम्य इतके स्पष्ट आहे की तिने ती पाहिली असावीत असे अभ्यासक मानतात. त्याचप्रमाणे, वेट यांचे सारे लक्ष बावीस हुकमांवर होते, त्यांच्या सूचना मुख्यतः त्या पानांपुरत्या असाव्यात आणि चाळीस पानांची रचना बव्हंशी पामेलानेच केली असावी, असेही मत आहे. आज ज्या गुणामुळे हा संच ओळखला जातो तो गुण या चाळीस पानांत आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हे सारे काम तिने साधारण सहा महिन्यांत उरकले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तिने स्टीग्लिट्झला पत्र लिहिले. त्यात ऐंशी चित्रांचे मोठे काम अगदी थोड्या पैशांत पुरे केल्याचा उल्लेख आहे. डिसेंबर १९०९ मध्ये विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने संच बाजारात आणला. सोबत वेट यांची पुस्तिका निघाली. १९११ मध्ये तिची सचित्र आवृत्ती आली. ठरलेली रक्कम हाती पडली आणि तिचा या मालाशी व्यवहार संपला. विकलेल्या प्रत्येक कॅटामागे काही हिस्सा, ज्याला आपण स्वामित्वधन म्हणतो, तो तिला नव्हता. उरली ती फक्त सही. पी, सी आणि एस ही तीन अक्षरे सापासारखी एकमेकांत गुंफून केलेली तिची खूण पानांच्या खालच्या कोपऱ्यात असते.

नवा कॅट घेऊन शिकणारा माणूस आज काय करतो ते मी आमच्या घरीच पाहिले. माझ्या मावसबहिणीने गेल्या मे महिन्यात असा एक स्वस्तातला संच मागविला, आणि पावसाळा लागेपर्यंत आमच्या ओसरीवर रोज संध्याकाळी तेच चालले होते. पुस्तिका इंग्रजीत, बारीक अक्षराची. शेवटी तिने ती बाजूला ठेवली आणि रोज एक पान काढून त्यावर दिसते ते मराठीत सांगायचे असे ठरविले. कोण उभे आहे, कोठे पाहते आहे, हातात काय आहे, पाठीमागे पाणी आहे की डोंगर. पान उलटे आले तर तेच कसे फिरवायचे. मग तीन पाने मांडून गेले, चालू आणि येणारे असे लावायचे. वेट यांच्या पुस्तकात दिलेली दहा पानांची मांडणी तिने अखेरीस घेतली. आमची आजी, जिला इंग्रजीचे अक्षर येत नाही, ती मोळीवाल्याचे पान पाहून म्हणाली की याने कोणाचे तरी ओझे आपल्या डोक्यावर घेतले आहे. पुस्तिकेतला अर्थही ओझ्याचाच होता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमध्ये काढलेले चित्र कुळगीच्या ओसरीवर दुभाष्याशिवाय बोलले, ही त्या चित्रकाराची करामत. पेटीवर विक्रेत्याचे नाव होते, वेट यांचे होते, चित्रकाराचे नव्हते.

हे भविष्य खरे ठरते काय, असा प्रश्न वाचक विचारतील. येथे संख्याशास्त्राचा तास उपयोगी पडतो. अठ्ठ्याहत्तर पानांतून क्रमाने तीन पाने काढावयाची तर ७८ × ७७ × ७६ म्हणजे ४,५६,४५६ प्रकार होतात. प्रत्येक पान सुलटे किंवा उलटे येऊ शकते हे धरले तर आठपट, म्हणजे ३६,५१,६४८. यांतून कोणते तीन यावे हे पिसण्यावर अवलंबून आहे. पिसणाऱ्याच्या नोकरीवर किंवा लग्नावर नाही. तरीही पान लागू पडल्यासारखे वाटते, कारण ओझे, विरह, दान, मेहनत, घर यांपासून कोणाचे आयुष्य सुटले आहे? चित्र प्रश्न विचारते आणि उत्तर आपले आपणच देतो. परीक्षेचा निकाल त्यातून कळत नाही. आपल्याला निकालाची भीती किती वाटते आहे ते मात्र कळते. एवढ्यासाठी कोणाला पैसे मोजायचे असतील तर त्याने किती मोजावेत हे आधी ठरवावे.

असो. पामेलाची कथा पुढे चालवू. १९११ मध्ये तिने रोमन कॅथलिक पंथाचा स्वीकार केला. गूढविद्येच्या मंडळाशी तिचा संबंध सुटला आणि पत्त्यांचा दुसरा संच तिने काढला नाही. त्याच वर्षी ब्रॅम स्टोकरच्या शेवटच्या कादंबरीसाठी तिने चित्रे केली. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीसाठी तिने भित्तिपत्रके रंगविली. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉससाठी काम केले. परंतु युद्धानंतर कलेची तऱ्हा बदलली, तिच्या चित्रांची मागणी ओसरली. त्याच सुमारास एका काकांच्या वारशाचे थोडे धन तिला मिळाले. त्यातून तिने इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधील लिझार्ड या समुद्रकाठच्या ठिकाणी घर घेतले आणि कॅथलिक धर्मगुरूंसाठी विश्रांतिगृह चालविले. नोरा लेक नावाची मैत्रीण तिच्या सोबतीला होती. येथेही जमेपेक्षा खर्चच अधिक. अखेरची वर्षे तिने त्याच भागातील ब्यूड या गावी काढली. १८ सप्टेंबर १९५१ रोजी, त्र्याहत्तराव्या वर्षी, ती तेथे वारली. जे काही होते ते तिने नोराला मृत्युपत्राने दिले होते; परंतु देणी इतकी होती की घरातले सामान आणि चित्रे लिलावात गेली. तिच्या थडग्यावर नाव नाही. पत्त्यांच्या मूळ चित्रांचाही ठावठिकाणा आज लागत नाही.

तिच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १९७१ मध्ये, अमेरिकेतील यू. एस. गेम्स सिस्टिम्स या कंपनीने हा संच मोठ्या प्रमाणावर छापण्यास सुरुवात केली. पाश्चात्त्य तरुणांत तेव्हा गूढविद्येचे वेड पसरले होते. संच लाखांनी खपला, आजही खपतो. आमच्या शेजारच्या दांडेलीत १९५५ साली स्थापन झालेली कागदाची गिरणी आहे. कोऱ्या कागदाचा भाव काय आणि छापलेल्याचा काय हे आम्हा मुलांना ठाऊक असते. अठ्ठ्याहत्तर पुठ्ठ्याच्या तुकड्यांची किंमत ती काय! ग्राहक पैसे देतो ते चित्रासाठी.

मग अन्याय कोणी केला? घाईने बोट दाखवू नये. वेट यांना कल्पना होती, रायडर यांनी भांडवल घातले, पामेलाने ठरलेला मोबदला घेतला. करार पुरा झाला. आपल्या देशाचा १९५७ चा कॉपीराइट कायदा जरी तिला लावून पाहिला तरी कलम १७ काय सांगते? मोबदला देऊन दुसऱ्याने काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाराच. म्हणजे पैशांच्या बाबतीत तिची बाजू आजही लंगडीच ठरली असती. परंतु त्याच कायद्याचे कलम ५७ आहे. मालकी विकली तरी ही कृती माझी आहे असे सांगण्याचा हक्क निर्मात्याकडेच राहतो, असे ते म्हणते. मोबदला ही एक गोष्ट आणि नाव ही दुसरी. पहिलीचा सौदा होतो. दुसरीचा होऊ नये, असे कायद्यालाही वाटले.

कॉपीराइटची मुदत निर्मात्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजतात. भारतात ती साठ वर्षे, ब्रिटनमध्ये सत्तर. त्या हिशेबाने ही चित्रे आपल्याकडे २०११ च्या अखेरीस आणि ब्रिटनमध्ये २०२१ च्या अखेरीस सर्वांची झाली. आता कोणीही ती छापावी, कोणाची परवानगी लागत नाही. आणि गंमत अशी की हक्क संपत आले त्याच सुमारास नाव परत येऊ लागले. संचाला शंभर वर्षे झाली तेव्हा, २००९ मध्ये, त्याच अमेरिकन कंपनीने स्मिथ-वेट या नावाने स्मारक संच काढला. अनेक अभ्यासक आता रायडर-वेट-स्मिथ असे तिघांचे नाव घेतात. २०१९ मध्ये, जी कलाशाळा तिने पदविकेविना सोडली होती, त्या प्रॅटच्या ग्रंथालयात तिच्या कामाचे प्रदर्शन मांडले गेले. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने आरंभीच्या अमेरिकन नवकलेच्या प्रदर्शनात तिला जागा दिली.

आपल्यापैकी पुष्कळ जण उद्या कोणाच्या तरी कचेरीत हिशेब लिहितील, कोणी जाहिरातीची चित्रे काढतील, कोणी कानडीतून मराठीत आणि मराठीतून कानडीत भाषांतरे करतील. काम ठरलेल्या पैशांत होईल आणि माल दुसऱ्याच्या नावाने विकला जाईल. जगात पुष्कळसा व्यवहार असाच चालतो. त्यात फार काही बदलता येत नसेल, तर निदान दोन गोष्टी हातात आहेत. सही करण्यापूर्वी करार वाचावा, आणि काम पुरे झाल्यावर कोपऱ्यात आपली सही करण्यास विसरू नये. पामेलाने पहिली गोष्ट कितपत केली कोण जाणे, दुसरी मात्र अगदी नेमाने केली. पेटी बदलली, प्रकाशक बदलले, मालक बदलले. सापासारखी गुंफलेली ती तीन अक्षरे पानाच्या कोपऱ्यात जागच्या जागी राहिली, आणि शेवटी साक्षीला तीच आली.